प्लेस्टेशन 6 येणार म्हणे, मग थांबायचं का?

"प्लेस्टेशन 6 येतोय, आता 5 कशाला घ्यायचा?" हा वाद पुण्यात होतो तसाच वऱ्हाडातल्या नांदुऱ्यातही होतो. फरक खरेदीचा आहे. पुण्यात चुकीची वस्तू गळ्यात पडली तर दुकान गावातच असतं. नांदुऱ्याहून अशा खरेदीसाठी रेल्वे धरून अकोला गाठायचं, नाहीतर पार्सलची वाट बघायची. बिघाड झाला की पुन्हा तीच यातायात. पन्नास हजारांची वस्तू ऐकीव माहितीवर घेणं किंवा टाळणं इथल्या घराला जास्त महागात पडतं. त्यामुळे या वादातल्या काही समजुती तपासून घेतलेल्या बऱ्या.

नवा कन्सोल अगदी उंबरठ्यावर आला आहे, ही त्यातली पहिली. जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीशी अनेक वर्षांची भागीदारी जाहीर केली. ऑक्टोबर 2025 मध्ये प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीच्या मार्क सर्नी यांनी एएमडीबरोबर चाललेल्या कामाची माहिती दिली आणि त्यातून तयार होणारं तंत्र काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये आणायचं आहे, असं सांगितलं. दोन्ही घोषणांत ना तारीख होती, ना किंमत. आजवरचा क्रम पाहिला तर प्लेस्टेशनच्या पिढ्या 1994, 2000, 2006, 2013 आणि 2020 या सालांत आल्या, म्हणजे दर सहा-सात वर्षांनी एक.

नवा आला की जुना लगेच निकामी होतो, हेही खरं नाही. प्लेस्टेशन 3 बाजारात आल्यावर सहा वर्षं प्लेस्टेशन 2 चं उत्पादन चालूच होतं. ते थांबल्याची बातमी 2013 च्या सुरुवातीला आली आणि त्याच वर्षी फिफा 14 हा गेम प्लेस्टेशन 2 साठीही निघाला.

"थांबलो तर जुना स्वस्त मिळेल" हा हिशोब मात्र एके काळी बरोबर होता. प्लेस्टेशन 2 अमेरिकेत 2000 साली 299 डॉलरला आला आणि 2009 मध्ये 99 डॉलरवर उतरला. आता वारं उलटं वाहतंय. भारतात प्लेस्टेशन 5 ची डिस्कवाली आवृत्ती फेब्रुवारी 2021 मध्ये 49,990 रुपयांना आली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये 54,990 रुपयांची झाली. अमेरिकेत 2025 मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनीही आपल्या जुन्याच कन्सोलच्या किमती वाढवल्या. त्यात 2025 च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरी चिपची मागणी इतकी वाढली की मेमरी महागली, आणि कन्सोलला तीच लागते. मधूनमधून सवलतीचे सेल लागतात, ते वेगळं. पण कन्सोल नुसता जुना होतोय म्हणून त्याची किंमत उतरेल, या भरवशावर बसू नये.

चिपच्या ताकदीवरची भांडणं सर्वांत लांबतात आणि त्यांतून सर्वांत कमी हाती लागतं. 2017 साली दोन यंत्रं आली. मार्चमध्ये निन्टेन्डो स्विच, नोव्हेंबरमध्ये एक्सबॉक्स वन एक्स. दुसरं यंत्र पहिल्याच्या कितीतरी पट ताकदवान होतं. विक्रीत मात्र स्विचने 15 कोटींचा टप्पा ओलांडला. लोकांनी तो हातात धरून, प्रवासात, टीव्ही मोकळा नसताना खेळला, आणि मारिओ-झेल्डासारखे गेम दुसरीकडे नव्हतेच. पुढच्या कन्सोलचं भवितव्यही गेमांवर, किमतीवर आणि तो सहज मिळतो की नाही यावर ठरेल.

मिळण्याचीच गोष्ट घ्या. प्लेस्टेशन 5 प्रो नोव्हेंबर 2024 मध्ये जगभर आला, भारतात आला नाही. "आपल्याकडे एवढं महाग कोण घेणार, म्हणून पाठवला नाही" असं सर्रास बोललं गेलं. सोनीने दिलेलं कारण निराळं होतं: त्यातल्या वाय-फाय 7 ला लागणारा 6 गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा भारतात खुला नव्हता. त्याउलट एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस 10 नोव्हेंबर 2020 रोजी जगाबरोबरच भारतातही आले होते. म्हणजे भारताला सगळं उशिरा मिळतं असाही नियम नाही आणि वेळेवर मिळेल अशी हमीही नाही.

निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्रीच नाही. जून 2025 मध्ये आलेला स्विच 2 इथे दिसतो तो बाहेरून आणलेला, त्यामुळे कंपनीची इथली वॉरंटी विसरायची. जपानहून कुणी येत असेल तर तिथून स्वस्त आणू, हा सल्लाही नीट ऐकावा. जपानमध्ये 2025 साली 49,980 येनला आलेला स्विच 2 फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचंच खातं लागतं. सगळ्या भाषांचा हवा तर तिथेही तेव्हा 69,980 येन मोजावे लागत होते.

हे सारं परदेशी यंत्रांचं झालं. आपल्याकडे कन्सोलचे गेम बनतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांना नांदुऱ्यातच उत्तर द्यायला मला आवडेल. महामार्गालगत ज्या हनुमंताची 105 फुटी मूर्ती उभी आहे, त्याच्याच बाललीलांवरचा 'हनुमान: बॉय वॉरियर' हा गेम हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने 2009 मध्ये प्लेस्टेशन 2 साठी केला. भारतात पूर्णपणे तयार झालेला त्या कन्सोलचा पहिला गेम म्हणून तो ओळखला जातो. देवाला बटणांनी नाचवायचं का, यावरून त्याला विरोधही झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: ॲन एन्शंट एपिक' आणला. लोकवर्गणीची मोहीम फसली, संस्थापकांपैकी एकाने राहता फ्लॅट विकला, तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये हा गेम सर्वांत आधी आला तो स्विचवर. पुण्यात घडलेला गेम, आणि ज्या यंत्रावर तो पहिल्यांदा चालला ते पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे मिळत नव्हतं! याची खंत मला आजही आहे.

कायद्याचा गोंधळ थोडक्यात. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कन्सोलचा त्याच्याशी संबंध नाही. "कन्सोलवर 28 टक्के जीएसटी" हेही जुनं झालं; 1 जानेवारी 2019 पासून तो 18 टक्के आहे. लाइट बिलाची भीतीही फार नको. मोठा गेम चालताना प्लेस्टेशन 5 साधारण 200 वॉट घेतो, म्हणजे रोज दोन तासांचे महिन्याला 12 युनिट.

भीती उन्हाची हवी. प्लेस्टेशन 5 साठी कंपनीने सांगितलेलं तापमान 5 ते 35 अंश आहे, स्विच 2 चंही तेवढंच. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात कन्सोल कोंबू नये, पंख्यातली धूळ काढत राहावी, आणि भर उन्हाळ्यात खेळ रात्रीवर न्यावा. नव्या कन्सोलच्या चर्चेत चिपचे आकडे तोंडपाठ असणारेही हा तापमानाचा आकडा विचारत नाहीत.

राहिला प्रश्न डिस्कचा. "आता सगळं डाउनलोडच होतं, डिस्क कशाला?" हा मला सर्वांत घातक समज वाटतो. मोठा गेम 100 जीबीच्या घरात जातो. 30 एमबीपीएसचं फायबर असेल तर त्याला साडेसात तास लागतात. दिवसाला 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर पन्नास दिवस. शिवाय डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. डिस्क मात्र चार मित्रांनी चार वेगवेगळ्या घ्यायच्या आणि फिरवायच्या, खेळून झाली की विकायची. पूर्वी व्हिडिओ गेमच्या कॅसेटी अशाच गल्लीभर फिरायच्या. छोट्या गावात हा छंद परवडतो तो याच देवाणघेवाणीमुळे.

आणि तीच आकसत चालली आहे. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची सोय नाही. प्लेस्टेशन 5 प्रोला ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो आणि तो जोडताना एकदा इंटरनेट लागतं. स्विच 2 च्या काही कार्डांत गेमच नसतो, डाउनलोडची चावी तेवढी असते. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्कच्या विक्रीला बंधनं आणि चोवीस तासांत एकदा इंटरनेट तपासणी अशी योजना जाहीर केली होती. ग्राहकांनी इतका आवाज उठवला की यंत्र विक्रीला येण्याआधीच, जूनमध्ये, ती मागे घ्यावी लागली.

प्लेस्टेशन 6 किंवा पुढचा एक्सबॉक्स जाहीर होईल तेव्हा नांदुऱ्याच्या घराने आधी त्याला डिस्कची खाच आहे का ते पाहावं, मग भारतातली किंमत आणि वॉरंटी. खाच नसेल तर डिस्कवाला प्लेस्टेशन 5 इथे पुढची कित्येक वर्षं जास्त कामाचा ठरेल, असं माझं मत आहे.