आज टॉवर दिसला का?

सकाळी 7 वाजता गच्चीवर गेलो की मी आधी नैर्ऋत्येला पाहतो. सिंहगडाची कड आणि तिच्यावरचा दूरदर्शनचा टॉवर. वहीत शेरे तीनच: स्पष्ट, पुसट, नाही. मग कठड्यावरून हात फिरवतो. हात ओला झाला तर समोरचं बहुधा धुकं असतं, उन्हं चढली की विरतं. कठडा कोरडा आणि टॉवर तरीही नाही, तर ते धुरकं.

तिसरी नोंद यंत्राची. मुठीएवढ्या डबीत छोटा पंखा आणि लेझर. कणांवर आपटून विखुरणाऱ्या उजेडावरून ती पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा अंदाज बांधते. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. म्हणून कठडा ओला असेल त्या दिवशी आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढतो.

दुधाचे खाडे जसे कॅलेंडरवर मांडतात, तसा मी दिवसाचा रंग मांडतो. रंग 2015 साली आलेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकाचे: चोवीस तासांची सरासरी घनमीटरला 30 मायक्रोग्रॅमपर्यंत गडद हिरवा, 60 पर्यंत फिका हिरवा, 90 पर्यंत पिवळा, 120 पर्यंत नारिंगी, पुढे लाल. मूळ निर्देशांकात आठ प्रदूषक धरले आहेत आणि त्यांतला सर्वांत वाईट ज्याचा, तोच दिवसाचा आकडा. माझ्याकडे एकच प्रदूषक, म्हणून माझ्या चौकोनाला मी निर्देशांक म्हणत नाही.

एकट्या चौकोनाला फारसा अर्थ नसतो, वारा पडला की कुठलाही दिवस बिघडतो. डिसेंबरशेजारी जुलै ठेवूनही उपयोग नाही, पाऊस हवा धुऊनच काढतो. या डिसेंबरशेजारी मागचा डिसेंबर ठेवायचा आणि पिवळे-नारिंगी दिवस मोजायचे. कल कळतो तो तिथे.

पण सरासरीने मला बराच काळ फसवलं. रात्रीचे बारा तास 90 आणि दिवसाचे बारा तास 30 असले, तर सरासरी 60 भरते. चौकोन फिका हिरवा, शेरा ‘समाधानकारक’. थंडीत नेमकं हेच होतं. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची गार हवा खालीच बसते आणि वरच्या उबदार थराचं झाकण पडतं. बंब, शेकोट्या, पालापाचोळ्याचे ढीग, पहाटेच्या गाड्या, सगळा धूर त्याखाली कोंडतो. आणि आमचे ज्येष्ठ नागरिक मफलर गुंडाळून फिरायला निघतात ते याच वेळी! जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिवसासाठी सुचवलेली पातळी तर अवघी 15 आहे. तो फिका हिरवा रंग भरताना आता माझा हात अडखळतो.

हे सगळं मी तळमजल्यावरच्या काकूंना आलेख दाखवून समजावत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते मायक्रोग्रॅम राहू दे रे. मी फिरायला कधी जाऊ, तेवढं सांग.”

तेव्हापासून लिफ्टशेजारी कॅलेंडरचं पान लागतं. दिवसाच्या रंगावर सकाळी 6 ते 8 चा वेगळा ठिपका आणि खाली एक ओळ: ‘आज 9 नंतर निघा’ किंवा ‘सकाळी हरकत नाही’. आता काकूंचा घोळका ऊन पडल्यावर निघतो. झाडलेला पाला पेटवण्याऐवजी कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातो, तेही त्यांनीच सोसायटीच्या बैठकीत पानावरचे नारिंगी ठिपके दाखवून मान्य करून घेतलं.

मध्यंतरी दोन दिवस मी गावाला होतो. परतलो तर पानावरचे ते दोन चौकोन रिकामे नव्हते. काकूंच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: टॉवर पुसट, कठडा कोरडा.