पाण्यात राहिलेल्यांचे कागद

पहाटे 5.30

डिसेंबरात पोलादपूरच्या आमच्या वाडीवर या वेळी मिट्ट काळोख असतो, पण नौदलात चार ते आठच्या पाळीला उठलेल्या माणसाला नंतर आयुष्यभर झोप लागत नाही. चहा होईपर्यंत पिशवी भरून घेतो. अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र, स्टॅम्प पॅड, कोरे अर्ज, स्टेपलर आणि दोन पेनं. मी पाणबुडीविरोधी शाखेत सोनारवर होतो. म्हणजे कानाला हेडफोन लावून समुद्र ऐकायचा. निवृत्तीनंतर माजी सैनिकांच्या आणि त्यांच्या विधवांच्या पेन्शनचे कागद करून देतो. पगार नाही आणि तो मागावासाही वाटत नाही. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत घराआड एक फौजी आहे, आणि अलिबागचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय इथल्या म्हाताऱ्या माणसाला लांब पडतं.

आज 9 डिसेंबर आहे. ही तारीख मला कॅलेंडर न बघता कळते.

6.45

एसटी महाडच्या अलीकडे सावित्रीच्या नव्या पुलावर येते, तेव्हा बोलणारे अजूनही क्षणभर गप्प होतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, आणि त्याबरोबर दोन एसटी आणि इतर वाहनं. नौदलाचे पाणबुडे त्या गढूळ, वेगाच्या पाण्यात दिवसेंदिवस उतरत होते. काहींचे देह खाडी ओलांडून पार हरिहरेश्वर, आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले, काही मिळालेच नाहीत. पुढे 2021 च्या जुलैत महाड तालुक्यातल्याच तळिये गावावर दरड आली, तेव्हाही तीसएक माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली आणि शोध थांबवून त्यांना मृत जाहीर करावं लागलं. देह मिळाला नाही की घरच्यांची काय अवस्था होते, हे या तालुक्याला समजावून सांगावं लागत नाही. दहावं कधी करायचं, कुंकू कधी पुसायचं, यावर घराघरात भांडणं होतात. एरवी कायदा सात वर्षं थांबायला सांगतो. सात वर्षं दाराकडे बघत बसणारी आई मी पाहिली आहे.

8.15

फौजी आंबवडे. गावाच्या नावातच फौज आहे. पहिल्या महायुद्धात इथून गेलेल्या आणि न परतलेल्यांचा आकडा कोरलेला दगड गावात आहे. एका आजींचा हयातीचा दाखला नोव्हेंबरातच व्हायचा होता, तो राहून गेला. चाळीस वर्षं लावणी करून बोटांच्या रेषा गेलेल्या, यंत्र ठसा घेईना. मग मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं. "डोळे मिटू नका आजी," म्हटलं की त्या हमखास मिटतात. चौथ्या खेपेला जमलं. त्यांनी वालाच्या शेंगांची पिशवी हातात दिली, नाही म्हणायची सोय नव्हती.

10.30

महाडला तहसील कचेरीजवळच्या सेवा केंद्रात दोन तास गेले. आजचं सगळं काम एकाच दुखण्याचं होतं, नावांचं. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. भरतीच्या वेळी अठरा वर्षांच्या पोरानं घाबरत सांगितलेलं नाव कुणीतरी इंग्रजीत कानाला लागेल तसं लिहून घेतलं, आणि पन्नास वर्षांनी त्याच एका अक्षरावर विधवेची पेन्शन अडते. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, फोटो. कंटाळवाणं काम आहे, पण यात घाई करायची नाही हे मी ठरवून टाकलं आहे. जमिनीवर मेलेल्या माणसाची निदान चिता असते, कबर असते. समुद्रात गेलेल्याला कागदावरच्या नावाशिवाय जागाच नाही. तेही चुकलं, तर तो दुसऱ्यांदा बुडाला.

12.30

दासगावकडचा एक तरुण वाट बघत होता. त्याच्या आजोबांचे थोरले भाऊ मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि दुसऱ्या महायुद्धात परतले नाहीत. घरात एवढंच वाक्य उरलंय, "जपानी पाणबुडीनं बोट बुडवली." त्यानं मोबाइलवर वाचून ठेवलं होतं, म्हणाला, "काका, ती तिलावाच असणार ना?"

मी त्याला बसवलं आणि जे पक्कं माहीत आहे ते सांगितलं. एस. एस. तिलावा 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून मोंबासा आणि पुढं दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. 23 तारखेच्या पहाटे अरबी समुद्रात आय-29 या जपानी पाणबुडीनं तिच्यावर टॉर्पेडो टाकले. बोटीवर 958 माणसं होती. त्यातली 280 गेली. वाचलेल्यांपैकी बहुतेकांना बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेनं उचलून मुंबईला परत आणलं. पाच महिन्यांनी, एप्रिल 1943 मध्ये, मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात नेताजी सुभाषचंद्र बोस आणि आबिद हसन जर्मन पाणबुडीतून रबरी होडीत उतरले आणि ज्या पाणबुडीत चढले, ती हीच आय-29. आपल्या माणसांना बुडवणारी आणि आपल्या नेताजींना पूर्वेला नेणारी, एकच. जुलै 1944 मध्ये फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकेच्या सॉफिश पाणबुडीनं तिला बुडवलं. आतल्या शंभराहून अधिक खलाशांपैकी एकच जिवंत राहिला. जपानातल्या कुठल्याशा गावातही असंच एखादं वाक्य घरात उरलं असेल. मला त्या पोरांचा राग धरता येत नाही. मी बंद लोखंडात बसून समुद्र ऐकलेला माणूस आहे. पाणबुडीतल्या खलाशाला तर उडी मारायलाही जागा नसते.

"पण तिलावाच असेल असं लगेच म्हणू नकोस," मी त्याला सांगितलं. जर्मन आणि जपानी पाणबुड्यांनी हिंदी महासागरात कितीतरी व्यापारी बोटी बुडवल्या, आणि त्यांवर डेकचे कितीतरी खलाशी आपल्या कोकणातले असत. खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेली. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात त्यांचं स्मारक आहे. पहिल्या युद्धातल्या, समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं, आणि दुसऱ्या युद्धातल्यांच्या नावांची वही. त्या वहीत व्यापारी बोटींवरची सुमारे सहा हजार नावं आहेत. त्यात शोधायचं तर बोटीचं नाव किंवा खलाशाची नळी हवी. नळी म्हणजे त्याच्या नोकरीची पुस्तिका, जुने खलाशी पत्र्याच्या नळीत घालून ती जपत, म्हणून हे नाव. "घरात पत्र्याचा डबा, ट्रंक, माळा, सगळं बघ. मनीऑर्डरची पावतीसुद्धा टाकू नकोस," म्हटलं.

2.00

तांदळाची भाकरी, सुकट. दहा मिनिटं.

3.30

परत पोलादपूर. माजी सैनिकांच्या उपचार योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, दोन कार्डांचे अर्ज, एका वहिनींच्या बँकेचा नवा पत्ता. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला, फोनवर सगळं मलाच विचारतो.

5.15

मैदानावर भरतीची तयारी करणारी पोरं धावून आली की मी थोडा वेळ त्यांच्यात बसतो. यंदा तिघं-चौघं नौदलाचे अर्ज भरणारे आहेत. आजची तारीख सांगितली, पण तिचं महत्त्व एकालाही माहीत नव्हतं. मग खुकरीबद्दल बोललो, आणि यात मी काही हातचं राखलं नाही.

1971. खुकरी आणि कृपाण या दोन फ्रिगेटी 8 डिसेंबरला मुंबईहून निघाल्या, सौराष्ट्राच्या बाजूला फिरणारी पाकिस्तानी पाणबुडी शोधायला. 9 डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास दीवपासून दूर समुद्रात हँगोर पाणबुडीनं आधी कृपाणवर टॉर्पेडो टाकला, तो फुटला नाही. दुसरा खुकरीला लागला. काही मिनिटांत बोट गेली. 18 अधिकारी आणि 176 खलाशी. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते बोटीबरोबर गेले, त्यांना महावीर चक्र मिळालं. 67 जण वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं बुडवलेली ही पहिली युद्धनौका.

एका पोरानं बरोबर प्रश्न विचारला. "काका, शोधायला गेलेल्यांनाच ती ऐकू कशी आली नाही?"

हाच प्रश्न नौदलात आमच्या सोनारच्या शाळेत पहिल्या दिवशी असतो. आपल्या सोनारचा पल्ला हँगोरच्या यंत्रांपुढे तोकडा होता, ही पहिली गोष्ट. दुसरी, समुद्र. वरचं पाणी गरम, खाली थंड, आणि आवाज त्या थरांवर वाकतो. आंबेनळी घाटात पलीकडच्या वळणावरचा हॉर्न कधी ऐकूच येत नाही ना, तसं. हाकेच्या अंतरावर पाणबुडी असते आणि हेडफोनमध्ये फक्त कोळंबीची चुटचुट. तिसरी, सोनार सुधारण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी बोटीचा वेग कमी ठेवला होता. पाणबुडीला हळू चालणारं लक्ष्य सोपं जातं. यात कुणाला दोष द्यायला मी बसलेलो नाही. हेडफोन लावून बसलेल्या पोरानं त्या रात्री जे ऐकू येत होतं ते सगळं ऐकलं असणार, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो खाली, बंद जागेत होता. सोनारवाले वर नसतात.

"त्यांची बॉडी?" दुसऱ्यानं विचारलं.

"बहुतेकांची नाही. दीवला टेकडीवर काचेत बोटीची प्रतिकृती ठेवली आहे. नावं तिथं आहेत. भरती झालास तर एकदा जाऊन वाच. घाईनं नको, प्रत्येक नाव वाच."

मग त्यांना अर्जातलं नाव आणि दहावीच्या दाखल्यातलं नाव अक्षरानं अक्षर जुळवायला सांगितलं. वडिलांचं, आईचं, गावाचं. एकाच्या अर्जात गावाचं नाव चुकलं होतं, ते तिथंच बदलून घेतलं.

8.30

जेवताना दासगावच्या पोराचा फोन. नळी नाही मिळाली. पण जुन्या बोट कंपनीच्या एका कागदावर इंग्रजीत नाव सापडलं आहे, आणि घरात म्हणतात ते नाव नि हे नाव जुळत नाही. तो हिरमुसला होता. मी म्हटलं, ही तर चांगली बातमी आहे, आता कुठल्या नावानं शोधायचं ते कळलं. कागदाचा फोटो पाठवायला सांगितला, लॅमिनेशन करू नको म्हणून बजावलं. त्या नावाच्या इंग्रजीत चार वर्तन्या संभवतात. चारही लिहून काढल्या, आजोबांच्या वडिलांचं नाव आणि गाव प्रत्येकीपुढे लिहिलं. शुक्रवारी मुंबईला जाणाऱ्या एका माजी खलाशाकडे ही यादी द्यायची आहे, मशीद बंदरची वही बघायला.