काठीचा पहिला धडा घेण्याआधी

जपानला फिरायला जाणाऱ्या पाहुण्याला तिथे तास-दोन तासांचा तलवारीचा धडा घेता येतो. चकाकती तलवार हातात येणार या हौसेने तो जातो. पण जुन्या रीतीने शिकवणाऱ्या ठिकाणी आधी वाकून नमस्कार, मग उभे कसे राहायचे, पाय कसा सरकवायचा, आणि हातात येते ती लाकडी तलवार. केंदो या खेळात तर बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली तलवार असते. 1876 साली जपानी सरकारने सामान्य लोकांना कमरेला तलवार लावून फिरायची बंदी केली, तरी लाकूड-बांबूवर ही विद्या चालू राहिली.

हे सांगायचे कारण असे, की भीमजयंती जवळ आली की आपल्या नगर जिल्ह्यातल्या वस्त्यांतही काठी आणि दांडपट्ट्याची हौस जागी होते. 1 जानेवारीला पुणे रस्त्याने भीमा कोरेगावला गेलेली पोरे समता सैनिक दलाची मानवंदना पाहून येतात. कोणी कोल्हापूरकडे गेला तर मर्दानी खेळ पाहून येतो. घरी आले की दिसेल ती काठी उचलून फिरवायला सुरुवात.

आम्हाला ही हौस आवडते. आपल्याला ती परकी नाही. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला 1795 साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, त्या लढाईतल्या शिदनाक महाराच्या पराक्रमाची गोष्ट आजही सांगितली जाते. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत महात्मा जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. पंचशील घेणाऱ्याने काठी धरावी का, असे काही उपासिका विचारतात. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे, तो भाग घरात एकत्र बसून वाचावा. शिवाय विहाराच्या पटांगणात फिरणारी काठी कोणाला मारायला नसते. ती शरीराला वळण लावायला असते.

आता शरीराचे बोलू. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम कष्टाचा व्यायाम करावा आणि मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे. काठी फिरवताना दम लागतो, खांदे मोकळे होतात, पायांचा तोल सुधारतो. दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईला किंवा रिक्षा चालवणाऱ्या भावाला याचा उपयोग आहे. आणि खर्च? एका बांबूचा.

काठी आपल्या कानाच्या उंचीच्या आसपास असावी, लहान मुलांना हलकी आणि आखूड. गाठी तासून, घासून गुळगुळीत करा, चिरलेला बांबू वापरू नका. फास हातात शिरते आणि फटकारा मारताना तुटलेले टोक शेजाऱ्याच्या डोळ्याकडे जाते. दोघांमध्ये दोन काठ्यांचे अंतर ठेवा. वर विजेची तार नाही ना, हे आधी बघा. आपल्या गल्ल्यांत तारा किती खाली लोंबतात हे सांगायला नको.

सुरुवातीची दहा मिनिटे मान, खांदे, मनगट, कंबर, गुडघे मोकळे करण्यात घालवा. पोरे नेमका हाच भाग टाळतात आणि तिसऱ्या दिवशी मनगट धरून बसतात. आधी एका हाताने सावकाश फेरा, मग दुसऱ्या हाताने. श्वास कोंडून जोर लावू नका, त्याने रक्तदाब एकदम वाढतो. दांडपट्ट्याला आणखी जपावे लागते. त्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात झाकते, मनगट वळतच नाही, त्यामुळे सगळा फेरा खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. खांदा तयार नसताना पट्टा धरला तर दुखणे महिनोन्महिने जात नाही. काही महिने काठी झाल्यावर, वस्ताद समोर असतानाच पट्टा धरावा, तोही बोथट. तळहातावरचे लिंबू कापण्याचा खेळ बघायला ठीक आहे, घरी करायला नाही.

मुलींना जरूर पाठवा. मात्र 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 57 टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. मुलगी दोन फेऱ्यांत धापा टाकत असेल, चक्कर येत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. शाळेत मिळणारी लोहाची गोळी तिने घ्यावी, पण चहाबरोबर नको. गर्भवती बाईने हा खेळ टाळावा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून यावे. साखरेचा त्रास असेल तर अनवाणी खेळू नये, घरी गेल्यावर तळपाय बघावेत.

मिरवणुकीत खरी तलवार नाचवायचा मोह काही तरुणांना होतो. शस्त्र कायदा 1959 आणि पोलिसांचे मनाई आदेश यांखाली त्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. मग पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो कागद पुढे येतो. त्या एका फोटोसाठी घरातल्या पहिल्या नोकरीची वाट अडू नये, असे आम्हाला वाटते.

आणि लागलेच तर. मुका मार असेल तर फडक्यात गुंडाळून बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावा, पहिल्या दोन दिवसांत गरम शेक किंवा चोळणे नको. कापले असेल तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ कपड्याने दाबून धरा. हळद, चुना, तंबाखू जखमेत भरू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जा. डोळ्यात काठी लागली तर डोळा चोळू नका. आत काही रुतले असेल तर ते उपटू नका, डोळा धुऊही नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी पेला पालथा ठेवून चिकटवा आणि 108 ला फोन करा. डोक्याला मार लागून उलटी झाली, झापड आली किंवा बोलणे अडखळले, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच जिल्हा रुग्णालय गाठा.