खत टाकलं की माती मायक्रोवेव्हला वेगळी का दिसते?

उपग्रह शेतातली ओल कशी ओळखतो? मातीच्या विद्युत गुणधर्मांवरून!

मायक्रोवेव्ह लहरींसाठी कोरड्या मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक साधारण ३ ते ५, तर पाण्याचा सुमारे ८०. त्यामुळे ओल वाढली की हा आकडा झपाट्याने चढतो. नासाचा २०१५ सालचा स्मॅप उपग्रह १.४ गिगाहर्ट्झवर हाच फरक टिपतो.

आता यात खत आणू.

🌱 पोटॅश किंवा डीएपी ओलाव्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित आयन सुटे होतात. ते लहरीची ऊर्जा शोषून तिची उष्णता करतात. म्हणजे वाढतो तो मुख्यतः 'ऱ्हास'. स्थिरांक त्यामानाने कमी बदलतो.

🌱 युरियाची गंमत न्यारी. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून सुरुवातीला परिणाम अल्प. पुढे मातीतलं युरिएज विकर त्याचं अमोनियम करतं, तेव्हा आयन वाढतात.

🌱 माती कोरडी ठणठणीत असेल, तर खताचे दाणे नुसते पडून राहतात. वाफसा असेल तरच आयन हलतात.

🌱 वारंवारता वाढते तसा आयनांचा हा वाटा घटतो. १.४ गिगाहर्ट्झवर तो १० गिगाहर्ट्झच्या सुमारे सातपट!

शेतकरी मित्रांनो, स्वस्त ओलावामापक याहून कितीतरी कमी वारंवारतेवर चालतात. खताच्या मात्रेनंतर त्यांचा आकडा फुगू शकतो. अशा वेळी मूठभर माती हातात दाबून बघा, मगच पाणी द्यायचं ठरवा.

#मातीविज्ञान #शेती