‘नाही’ या उत्तराचा अर्थ

वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) येथे सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. अशा गावात अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसांना कोणती मदत हवी, याचे सर्वेक्षण आपल्याला करायचे आहे असे समजू.

‘सासूबाईंचे करणे जड जाते का?’ असे सासूसमोरच सुनेला विचारले, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असे येईल. अशा उत्तरांची बेरीज केली, तर गावाला मदत नकोच, असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

झारिट व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेत हा ताण मोजणारी प्रश्नावली मांडली. तिच्या प्रचलित रूपात २२ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ४ गुण असतात. मात्र नुसते भाषांतर पुरत नाही. सुनेला एकटीला गाठून प्रत्यक्ष घडलेले विचारावे. काल रात्री किती वेळा उठलात? गेल्या आठवड्यात किती दिवसांची मजुरी बुडाली? तुम्ही बाहेर गेलात तर जवळ कोण बसते? कापूस वेचणीच्या दिवसांतली उत्तरे उन्हाळ्यातल्या उत्तरांपेक्षा वेगळी येऊ शकतात; म्हणून दोन्ही वेळा विचारावे.

आधी चार-पाच घरी प्रश्न तपासून पाहावेत. जो प्रश्न दोघींना दोन प्रकारे कळतो, तो बदलावा.