घटका भरली नव्हती, वंगण संपले होते

मोठा अपघात झाला की आपल्याकडे लगेच म्हटले जाते, "त्यांची घटका भरली होती." कोणी शनीचे नाव घेतो, कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही हे शब्द अजून ऐकू येतात. म्हणून एका विमान अपघाताची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

31 जानेवारी 2000 रोजी अलास्का एअरलाइन्सचे 261 क्रमांकाचे उड्डाण मेक्सिकोहून सॅन फ्रान्सिस्कोमार्गे सिएटलला निघाले होते. एमडी-83 जातीचे हे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. 83 प्रवासी व 5 कर्मचारी, कोणीही वाचले नाही.

विमानाच्या शेपटीवर एक आडवा पंख असतो. विमानाचा तोल राखण्यासाठी त्याचा कोन थोडा थोडा बदलावा लागतो. या विमानात ते काम पोलादी आट्यांचा एक लांब स्क्रू व त्यावर बसलेला ब्राँझचा नट करीत होते. मोटारीच्या स्क्रू-जॅकसारखीच ही रचना. धातूवर धातू घासतो, म्हणून ग्रीस लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने समुद्रतळातून काढलेले हे भाग तपासले. नटाचे आटे झिजून उखडले होते. त्यांचे तुकडे स्क्रूला तारेसारखे गुंडाळले होते. स्क्रूच्या काम करणाऱ्या भागावर उपयोगी ग्रीस सापडले नाही. आधी पंख जाम झाला आणि शेवटी तो सुटला. वैमानिकांनी अखेरपर्यंत शर्थ केली, पण विमान त्यांच्या ताब्यात राहिले नाही.

ग्रीस का नव्हते? कंपनीने ग्रीसिंगची मुदत वाढवीत 1996 मध्ये आठ महिन्यांवर, म्हणजे सुमारे अडीच हजार उड्डाण-तासांवर नेली होती. झीज मोजण्याची मुदत 30 महिने झाली होती. सरकारी विमान खात्याने त्याला मान्यता दिली होती. सप्टेंबर 1997 मध्ये झीज अगदी शेवटच्या मर्यादेवर, इंचाच्या 40 हजारांश भरली. नट बदलावा, अशी नोंद कामगाराने केली. नंतर पुन्हा मोजणी झाली, आकडा 33 आला, आणि तोच नट ठेवून विमान सेवेत गेले. पुढची मोजणी मार्च 2000 मध्ये होणार होती. शिवाय तो एक नट गेला तर विमान सावरणारी दुसरी सोयच रचनेत नव्हती.

यात दैव कोठे आहे? कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांनी सांगितले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तेच ठसवले. घटका भरली म्हटले की चौकशी संपते आणि जबाबदार माणूस सुटतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अस्पृश्यतेलाही पूर्वजन्मीचे कर्मच म्हटले गेले होते, हे आम्ही विसरू शकत नाही. बाबासाहेबांनी कारण शोधले, म्हणूनच तिच्याविरुद्ध लढता आले.

आपली मुले-मुली आज आयटीआयत शिकतात, रेल्वेच्या कारशेडमध्ये व एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम करतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे: माप खरे घ्या, नोंद स्पष्ट लिहा, आणि भाग बदलायला हवा असेल तर वरचा साहेब नाराज झाला तरी तसे लेखी द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही अपघाताची बातमी वाचताना मुलांना विचारावे, "हे कशामुळे झाले असेल?"