सीटवर बसून पाय टेकलेच पाहिजेत?

"पाय टेकले पाहिजेत जी, नाहीतर पोरगी पडन." बेज्जूर असो, कागजनगर असो की प्राणहितेपलीकडची अहेरी, सायकल घेताना कुणीतरी वडीलधारा हे बोलतोच. मिस्त्री पाना काढतो, सीट पार खाली दाबतो, मुलीचे दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतात आणि सगळ्यांचे समाधान होते. मग तीच मुलगी गुडघे पोटाशी आणत, धापा टाकत शाळेत पोचते. घरचे म्हणतात, पोरीत दमच नाही. दम आहे हो, सीट चुकली आहे.

जरा हिशेब करू. पायडल अगदी खाली गेले तरी जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर वरच राहते, नाहीतर वळणावर ते रस्त्याला घासेल. आता बसल्याबसल्या तळवे जमिनीला सपाट लागत असतील, तर पायडलवर ठेवलेला पाय सरळ होणार कसा? तो कायम दुमडलेलाच राहतो. मांडीच्या स्नायूंना पूर्ण जोर लावता येत नाही आणि पायडल वर आले की गुडघ्याच्या वाटीवर जास्त दाब पडतो. रोज शाळेत, शेतात, बाजारात सायकलने जाणाऱ्याचे गुडघे दुखतात ते बहुतेकदा यामुळे. दोष मात्र सायकलीला लागतो.

हे माझ्या मनाचे नाही. हॅम्ली आणि थॉमस या दोन संशोधकांनी 1967 साली 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'मध्ये मांडले, की खाली गेलेल्या पायडलपासून सीटपर्यंतचे अंतर जांघेपासून तळव्यापर्यंतच्या पायाच्या 109 टक्के असेल तेव्हा पाय सर्वांत जास्त जोर लावतो. नंतरच्या अभ्यासकांनी टक्क्यांपेक्षा कोनावर भर दिला: पायडल तळाशी असताना गुडघा 25 ते 35 अंशच वाकलेला हवा. पाय 75 सेंटिमीटरचा असेल, तर पहिल्या हिशेबाने हे अंतर सुमारे 82 सेंटिमीटर येते. आपण ठेवतो त्यापेक्षा सीट दहा-पंधरा सेंटिमीटर वर जाते. एवढा फरक!

टेप नको, कोनमापक नको. सायकल कुणालातरी धरायला सांगा. सीटवर बसून टाच तळाच्या पायडलवर ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला की उंची बरोबर. चालवताना पंजाने जोर लावायचा, म्हणजे गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप येतो. कंबर डावी-उजवीकडे डोलू लागली तर सीट जास्त वर गेली. आणि सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. नळी मोडली तर खरेच पडायला होईल.

"मग थांबायचे कसे?" सीटवरून पुढे उतरून. दोन्ही पाय टेकण्याचा नियम खरा आहे, पण तो उभे राहण्याचा आहे, बसण्याचा नाही. सीटच्या पुढे, दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. दांडा जांघेला लागत असेल तर ती फ्रेम तुमच्यासाठी मोठी आहे, मग दुकानदार काहीही सांगो. अपवादही आहेत. नवशिक्या, म्हातारी माणसे, दुधाचे कॅन लावून दारोदार थांबणारा यांनी सीट खाली ठेवावी. लहान मुलाला शिकवताना तर पायडलच काढून टाका. पाय जमिनीवर ढकलत तोल आला, की पायडल लावा आणि महिन्याभरात सीट वर घ्या. घोडे अडते ते इथेच. शिकतानाची सीट लग्नापर्यंत तशीच राहते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

मोठी सायकल घ्या, पोरगा वाढेल? वाढेल, पण तोवर तो दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारेल आणि त्याचे हात ब्रेकपर्यंत नीट पोचणार नाहीत.

लेडीज सायकल बायकांचीच? बिनदांड्याच्या फ्रेमवर लुगडे, धोतर, दुखरी कंबर आणि कॅरिअरवरचे पोते सगळे सांभाळता येते. हॉलंडमध्ये पुरुषही ती बिनदिक्कत चालवतात. इथेच मिशीला काय होते कुणास ठाऊक.

21 गिअर म्हणजे भारी? त्यांतले कितीतरी एकमेकांसारखेच असतात. साध्या सायकलीत पुढे 44 आणि मागे 18 दात असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक 2.44 वेळा फिरते. मागे 22 दातांचे फ्रीव्हील बसवले की बरोबर 2 वेळा. ओझे नेणाऱ्याला एवढा बदल पुरतो.

ओझे कुठेही टांगले तरी चालते? जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्याला 40 आरे असत, ते उगीच नाही. वजन मागे, जमेल तितके खाली.

जाड मऊ सीट आरामाची? बाजारापर्यंत. लांब पल्ल्यात हाडे त्यात रुततात आणि दाब नाजूक भागावर येतो.

सायकल देऊन काय होते? मुरलीधरन आणि प्रकाश यांचा 2017 चा अभ्यास पाहा: बिहारच्या योजनेमुळे माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली. प्राणहितेपलीकडे महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते.

बेज्जूर, कौटाला, सिरपूरच्या शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या सायकल स्टँडजवळ सीटच्या नटाचा एक पाना टांगून ठेवा आणि शाळा उघडण्याच्या आठवड्यात प्रत्येक मुलीची टाच पायडलवर ठेवून सीट लावून द्या. एका सायकलीला पाच मिनिटांहून जास्त लागत नाहीत.